तीन दिवसांची बरणी

हाडबाईला घाईचा मूळचाच तिटकारा. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत ती गॅससमोरून हलायची नाही. बस समोर उभी असली तरी धावायची नाही. "ही दुसऱ्यांची. आपली मागून येतेय," म्हणायची आणि थांब्यावर पिशवी पोटाशी धरून उभी राहायची. स्वभाव आधीचा की काम आधीचं, हे आता सांगता येणार नाही. तेवीस वर्षांत दोन्ही एकमेकांत मुरून गेले होते.

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत ती हाडांचे काप काढायची. तिच्या हाताखालून गेलेला काप केसाहून पातळ व्हायचा. वरच्या मजल्यावरचे लोक तिला हाडबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथे ते सुखात होतं.

हाड काही पावासारखं कापता येत नाही. आधी त्यातलं पाणी काढावं लागतं. त्यासाठी खिडकीच्या कडेला अल्कोहोलच्या पाच बरण्या ओळीनं मांडलेल्या. पहिली सौम्य, मग चढत्या, शेवटची जाळ. एकेका बरणीत तीन दिवस. मग तीन आठवडे रेझिनमध्ये, म्हणजे पातळ राळेत, मुरवायचं, आठवडाभर ते घट्ट होऊ द्यायचं. शेवटी हातात येते मधाच्या रंगाची वडी, आत हाडाचा तुकडा. ती बारीक करवतीनं चिरायची, चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि ओल्या पॉलिश कागदावर दोन बोटांनी आठाचा आकडा काढत घासत बसायचं. मशीन होतं, पण ते शेवटच्या घटकेला हाड फाडायचं.

कधी थांबायचं हे ठरवण्यासाठी तिच्याकडे वर्तमानपत्राचा एक पिवळा कपटा होता. ज्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला हे काम शिकवलं त्यांच्याकडून वारशानं आलेला. त्यावर एक छोटी जाहिरात: जुनी सायकल विकणे आहे, घंटी व दिव्यासह. हाडाच्या कापातून ही जाहिरात घंटीसकट वाचता आली की काप झाला. मास्तर सांगायचे, "हाड पाणी सोडतं ते आपल्या मर्जीनं. तू बरणीवर बसलीस तरी अंडं उबणार नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस." मास्तर गेले, कपटा राहिला, आणि तीन दिवसही.

तिच्या घरी भाऊ आणि भावजय. स्वतःचं लग्न झालंच नाही, आणि मग ते व्हायचं राहिलंय ही गोष्टही सगळे विसरले. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. अख्ख्या शहराला वरखाली नेणारा हा माणूस स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावर त्याचाच विनोद ठरलेला होता, "मिठाईवाला घरी गोड खात नाही."

अडीच वर्षांपूर्वी एका इमारतीत तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता आणि शिडीचा पाय सरकला. पडला फार उंचावरून नाही, दोन माणूस उंचीवरून. पण उजव्या पायाची नडगी मधोमध तुटली. धातूची पट्टी बसवली, आठ महिन्यांत ती मोडली. दुसरी बसवली, तिचे स्क्रू ढिले झाले, मध्ये एकदा पू झाला. तेव्हापासून कुबड्या. तीन मजले उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण. हळूहळू त्यानं उतरणंच सोडलं.

त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर संस्थेतलेच. त्यांची अडचण अशी की हाड जुळतंय की नाही हे त्यांनाही कळत नव्हतं. एक्स-रेमध्ये पट्टीची सावली नेमकी मोडल्या जागेवर पडायची. पायावर भार दे म्हणावं, तर न जुळलेलं हाड पुन्हा हलणार. देऊ नको म्हणावं, तर जुळू बघणारं हाडही आळसावतं, कारण हाडाला ओझं लागतं. सगळा अंदाजपंचे कारभार.

म्हणूनच डॉक्टर एका काचेच्या तारेच्या मागे लागले होते. केसाएवढी जाड तार. तिच्यातून उजेड सोडायचा. तारेत एका ठिकाणी अशी रचना केलेली की ठरावीक रंगाचा उजेड तिथून माघारी फिरतो. तार हाडाला चिकटवली आणि हाड अगदी कणभर वाकलं, तरी माघारी येणाऱ्या उजेडाचा रंग सरकतो. तेवढ्यावरून सांगता येतं की पायावरचा भार पट्टी झेलतेय की हाड.

ही तार बनवणाऱ्या इंजिनियरला सगळे तारवाले म्हणत. बोलताना हवेत बोटांनी तार ओढायची त्यांना सवय. ते एकदा घरी येऊन भावाला समजावून सांगत होते, तर हा मध्येच म्हणाला, "म्हणजे लिफ्टच्या दोराचा वजनकाटा."

"अं?"

"लिफ्टमध्ये जास्त माणसं चढली की घंटा वाजते ना? दोराला ताण कळतो म्हणून. तसंच की हे. माझ्या हाडालाच तेवढी अक्कल नव्हती, ती तुम्ही बाहेरून चिकटवताय."

 तारवाले जिना उतरताना हाडबाईला म्हणाले, "दोन वर्षं समितीला समजावतोय मी. तुमच्या भावाला दोन मिनिटं लागली."

चाचण्यांना परवानगी देणाऱ्या या समितीचा प्रश्न एकच होता: तार मोजते हे खरं, पण शरीराला ती चालते का? ती काच, तिच्यावरचं वेष्टन, चिकटवायचा गोंद. शरीर परक्या वस्तूभोवती भिंत बांधतं. भिंत पातळ असली तर शरीरानं पाहुण्याला ओसरीवर बसू दिलं म्हणायचं. जाड झाली, सूज आली, की हाकललंच. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींनी तारेला नावं ठेवली नव्हती. आता मेंढ्यांच्या पायात तारा बसवल्या होत्या. काही चार आठवड्यांनी तपासायच्या, बाकीच्या बारा आठवड्यांनी. दोन्ही खेपांची परीक्षा चांगली निघाली तर माणसांत पहिली चाचणी होणार होती, पाच रुग्णांवर. त्या पाचांच्या यादीत भाऊ तिसरा होता.

आणि त्या मेंढ्यांची हाडं कापणार कोण? हाडबाई.

चार आठवड्यांच्या दोन मेंढ्यांचे काप तिनं काढले ते आयुष्यातले सर्वांत छान काप असावेत. काच हाडाहून कडक. घासताना तिचे टवके उडतात आणि आजूबाजूचं सगळं ओरबाडलं जातं. तिनं शेवटचा अर्धा दिवस नुसत्या करंगळीच्या दाबानं घासलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेचं गोल वर्तुळ, आणि त्याला बिलगलेलं हाड, मध्ये कुठे बोट ठेवायला जागा नाही. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि तारवाल्यांना जागा करून दिली. तारवाल्यांनी हवेत बोटांनी एक लांबलचक तार ओढली.

त्या संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. भावजयीनं विचारलं, "म्हणजे वन्सं, मेंढीला चालली ती यांना चालेल?"

"मेंढीला चाललं ते याला न चालायला काय झालं," हाडबाई म्हणाली. "अक्कल साधारण तेवढीच."

भाऊ हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. ही तार झाली तर मी तिसरी पट्टी घालून घेईन. नाही झाली तर पाय कापायचा. उगाच अंदाजानं आणखी दोन वर्षं हे लोढणं ओढायचं नाही मला. डॉक्टरांना बोललोय. समितीच्या बैठकीपर्यंत थांबतो म्हटलं, पुढे नाही."

भावजय उठून आत गेली. हे तिनं आधी ऐकलेलं होतं.

बारा आठवड्यांच्या सहा मेंढ्यांची हाडं हाडबाईच्या खोलीत आली तेव्हा बैठकीला दोन महिने होते. काम सहा-सात आठवड्यांचं. नीट बसत होतं. तिनं तुकडे पहिल्या बरणीत सोडले, झाकणावर मेणाच्या पेन्सिलीनं तारीख घातली, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर खाली आले. खाली येणं हा त्यांचा रिवाज नव्हता.

"बाई, बैठक अलीकडे ओढलीय. साडेतीन आठवड्यांवर."

"का?"

"अध्यक्षबाई परदेशी चालल्यात. यानंतरची थेट सहा महिन्यांनी. तुम्हाला जमेल का? खरं सांगा. नाही जमलं तर पुढच्या बैठकीला ठेवू. मी काही म्हणणार नाही."

त्यांनी खरंच दुसरं काही म्हटलं नाही. दटावलं नाही, गळ घातली नाही. पुढे कितीतरी वेळा तिनं तो प्रसंग उलटसुलट करून पाहिला, कुणावर तरी अर्धा दोष टाकता येतो का म्हणून. येत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त सहा महिने होते, आणि सहा महिने न थांबणारा भाऊ.

"जमेल," ती म्हणाली.

तीन दिवसांच्या बरणीला तिनं एक दिवस दिला. तुकडे या खेपेला बारीक चिरलेत, पाणी लवकर सुटेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. रेझिनच्या तीन आठवड्यांचं दीड केलं आणि घट्ट होण्यासाठी वडी गरम पेटीत ठेवली. वाया काही जायला नको म्हणून सहाही मेंढ्यांचं झाडून सगळं हाड तिनं एकदमच बरण्यांमधून काढलं, मागे एक तुकडाही ठेवला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ही म्हण ती दुसऱ्या खात्यातल्या पोरापोरींना ऐकवायची.

पहिला काप घासताना बोटांना कळलं. काच किंचित हलत होती. दाढ हलते तशी.

तिनं काप धुतला, निळा रंग चढवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काचेचं वर्तुळ होतं. त्याच्याभोवती कडं होतं. हाड काचेपासून सुटून मागे सरलेलं, मध्ये फट. दुसरा काप, तेच. सहा मेंढ्या, सहा कडी.

आता हे कडं दोन कारणांनी येतं, आणि या धंद्यातल्या माणसालाच ते ठाऊक. शरीरानं काच नाकारली आणि मऊ भिंत बांधली, तर कडं येतं. आणि हाडात पाणी राहिलं, रेझिन आत शिरलं नाही, आक्रसलं, तरी कडं येतं. पहिलं कडं पेशींनी भरलेलं असतं, दुसरं रिकामं. तिनं एकेक काप तास तास पाहिला. चार कडी रिकामी होती. उरलेल्या दोघांत काठाला थोड्या चपट्या निळ्या पेशी होत्या. भिंत म्हणावी एवढ्या नाहीत, नाहीत म्हणावं एवढ्या थोड्या नाहीत.

सायकलची जाहिरात मात्र सगळ्यांतून स्वच्छ वाचता येत होती.

रजिस्टर काखेत मारून ती वर गेली. तारवाले डॉक्टरांच्या खोलीतच होते. तिनं रजिस्टर उघडून तारखांवर बोट ठेवलं आणि काय केलं ते सांगितलं.

डॉक्टरांनी तारखा दोनदा वाचल्या. "सगळ्या बरण्या एकेक दिवस?"

"सगळ्या."

"कडं रिकामं आहे की भरलेलं?"

"चारांत रिकामं. दोघांत थोड्या पेशी आहेत."

"म्हणजे दोघांत काचेचाही दोष असू शकतो."

"असू शकतो."

"किंवा नसेल."

"किंवा नसेल. आता नाही कळायचं."

"मागे ठेवलेलं हाड असेल ना? ओलं? त्यातून परत—"

"नाही ठेवलं."

तारवाल्यांचे हात हवेत होते, ते त्यांनी खाली मांडीवर ठेवले. "बाई," ते हळू म्हणाले, "तुम्ही तर बससाठीही धावत नाही."

तिनं रजिस्टर मिटलं.

डॉक्टर म्हणाले, "हे बैठकीत सांगावं लागेल. नाही सांगितलं तर तार नापास. सांगितलं तर निदान पुन्हा करू द्या म्हणता येईल." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बैठकीला तिला बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. अध्यक्षबाईंचा चष्मा बारीक काड्यांचा, आवाज सौम्य. तिनं बरण्यांचं सांगितलं.

"आणि चार आठवड्यांच्या खेपेला?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "ते काप तर अप्रतिम आहेत. तेव्हा किती दिवस दिले होते?"

"तीन-तीन."

"हे कशावरून?"

"रजिस्टरात आहे."

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मीच."

अध्यक्षबाईंनी मान हलवली, समजूतदारपणे, आणि समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली. ती ओळ कसली, हे हाडबाईला उलट्या बाजूनंही वाचता आलं असतं. ती एक खरं बोलली आणि त्यानं आधीचं सगळं खरं बाटवलं. तेवीस वर्षांचं रजिस्टर तिथल्या तिथे एका बाईची वही होऊन बसलं.

निर्णय आला तो दोन शब्दांचा. पुरावा अपुरा. पुन्हा करायचं तर नव्या मेंढ्या, नवी परवानगी, दीड-दोन वर्षं. डॉक्टरांनी अर्ज करून पाहिला. तारवाले मात्र सहा आठवड्यांत दुसरीकडे लागले. निघताना तिच्या खोलीत आले, बरण्यांकडे बघत उभे राहिले.

"पुलांवर बसवणार आता तारा. मोठ्या पुलांवर," म्हणाले. "पुलाच्या अंगात पू होत नाही."

तिला कामावरून कुणी काढलं नाही. कामच येईनासं झालं. वरच्या मजल्यावरचे लोक आपली हाडं दुसऱ्या संस्थेत पाठवू लागले, आणि जिन्यात भेटले की जास्तच अदबीनं हसू लागले.

निर्णयाच्याच दिवशी तिनं घरी सगळं सांगितलं होतं. तार नापास झाली एवढं सांगून भागलं असतं, पण ती बरण्यांपर्यंत गेली, एकेक दिवसापर्यंत. भाऊ पलंगावर पाय उशीवर टाकून बसला होता. भावजय दारात.

"दूध उतू जाऊ देत नाही तुम्ही," भावजय म्हणाली. "अर्धा अर्धा तास उभ्या राहता. मी हसते तुम्हाला. आणि तिथे घाई केलीत?"

"जाऊ दे गं," भाऊ म्हणाला.

"का जाऊ दे? पाय जायचाय, दूध नाही."

"माझ्यासाठीच केली ना तिनं."

"म्हणून तर," भावजय म्हणाली. "दुसऱ्या कुणासाठी केली असती तर मी भांडले तरी असते."

पुढच्याच आठवड्यात भावानं डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी आणखी थांब म्हणून पाहिलं, पण कशाच्या जोरावर थांब, हे त्यांना सांगता येईना. तिनंही एकदा विषय काढला. सकाळची वेळ होती. ती त्याच्या कुबडीची रबरी टोपी बदलत होती.

"दीड वर्ष, फार तर दोन. डॉक्टर म्हणतात अर्ज—"

"ताई, मी लिफ्टवाला. दोर कधी बदलायचा ते मला कळतं. तुटेपर्यंत थांबत नाहीत."

"जुळतंय की नाही माहीत नाही आपल्याला."

"तेच तर. अडीच वर्षं तेच माहीत नाही." त्यानं कुबडी तिच्या हातातून घेतली, टोकावर दाबून पाहिली. "मला आता माहीत असलेलं काहीतरी पाहिजे. कापलेला पाय कापलेला असतो. त्यात डॉक्टरांचं दुमत होत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदांवर सह्या चालल्या होत्या. काढलेला भाग तपासणीला पाठवायचा की नाही, असा एक रकाना होता. डॉक्टर त्यावरून पुढे सरकणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "तो तुकडा हिला द्या."

"अरे," ती म्हणाली.

"अनोळखी माणसाच्या हातात कशाला? जन्मभर मेंढ्या कापल्यास. एकदा घरचं गिऱ्हाईक घे."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाच नक्की नव्हतं. डॉक्टरांनी रकाना भरला.

गुडघ्याखालून पाय गेला. आणि मोडलेल्या जागेच्या चार बोटं खाली, चार बोटं वर, एवढं हाड स्टीलच्या भांड्यातून तिच्या खोलीत आलं. पट्टी डॉक्टरांनी काढून घेतली होती, स्क्रूंची भोकं दिसत होती. तिनं लहानपणी या नडगीवर कितीदा थुंकी लावली होती. तो सारखा पडायचा, आणि आईला सांगू नको म्हणायचा.

पहिली बरणी. तीन दिवस.

दुसरी. तीन दिवस.

आता कुठली बैठक नव्हती. कुणी वाट पाहत नव्हतं. एक माणूस सोडून.

"कुठल्या बरणीत आलो मी?" तो रोज संध्याकाळी विचारायचा. पलंगावर पडल्या पडल्या, चादरीचा उजवा भाग गुडघ्याखाली सपाट.

"तिसऱ्या."

"चढली का?"

"अजून नाही. पाचव्या बरणीत चढेल."

"बघ हं. घरात कधी प्यायला दिली नाहीस, आता बघ कशी पाजतेयस."

भावजय ताटं मांडता मांडता थांबायची, ओठ दाबायची. हसू की रडू, काय दाबतेय ते कळायचं नाही.

रेझिनचे तीन आठवडे झाले. घट्ट व्हायचा आठवडा झाला. वडी निघाली ती निर्मळ, एक बुडबुडा नाही. तिनं ती उजेडात धरली तेव्हा भावाचं हाड मधात बुडाल्यासारखं दिसत होतं. मोडल्या जागेची आडवी रेघ स्पष्ट होती.

उभा काप घेतला. दोन दिवस घासला. आठाचा आकडा, पुन्हा आठाचा आकडा, मग नुसती करंगळी. वर्तमानपत्राचा कपटा खाली सरकवला. जुनी सायकल विकणे आहे. घंटी व दिव्यासह.

मग रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

समोरच्या बाजूनं रेघ तशीच होती. कडा गोल झालेल्या, मध्ये मऊ, मेलेली जागा. तिनं काप हळू सरकवला. मागच्या बाजूला, जिथे पट्टीची सावली पडायची आणि एक्स-रेला काही दिसायचं नाही, तिथे रेघ नव्हती. तिथे हाड होतं. नवं, अजून विस्कटलेलं, घाईघाईनं विणल्यासारखं, पण या काठापासून त्या काठापर्यंत सलग. जवळजवळ पाव घेर. त्याच्या कडेनं निळ्या पेशींची रांग कामावर बसल्यासारखी बसली होती. पाय कापला त्या दिवसापर्यंत त्या विणतच होत्या.

काप इतका चांगला झाला होता की शंकेला जागाच नव्हती. फट नाही, सुटलेलं काही नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

डॉक्टर खाली आले. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून राहिले.

"याला ओझं द्यायला हवं होतं," म्हणाले. "आम्ही जप, जप म्हणत राहिलो."

"तार असती तर कळलं असतं?"

त्यांनी चष्मा पुसला. "सरकला असता रंग," म्हणाले. "महिन्याभरात." मग त्यांच्या लक्षात आलं ते कुणाशी बोलतायत, आणि ते काहीतरी वेगळं म्हणणार होते, पण ती काप पेटीत ठेवायला वळली होती.

पेटीला लेबल लावताना ती अडखळली. मेंढ्यांना नंबर असतात. तिनं नुसती तारीख लिहिली. रजिस्टरात पाचही बरण्यांच्या तारखा होत्या, पुढे 'निरीक्षण' असा रकाना होता. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिनं रिकामा सोडला.

बस थांब्यावरच उभी होती. ती धावली नाही. पुढची आली, तिच्यातही चढली नाही. तिसरीनं घरी गेली.

भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता. नवा पाय मापाला टाकला होता, त्याच्या पट्ट्यांचा कागद त्याच्या हातात होता. त्यानं तिच्या चपलांचा आवाज ओळखला.

"झाला का मी?"

"झालास."

"मग? काय होतं आत?"

भावजय मोरीवरून हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काही नव्हतं," हाडबाई म्हणाली. "मेलेलं होतं सगळं. जुळलं नसतं कधी."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

त्यानं श्वास सोडला. खांदे खाली आले. अडीच वर्षांत त्याचे खांदे इतके खाली आलेले तिनं पाहिले नव्हते. "बघ," तो बायकोला म्हणाला, "सांगत होतो ना. दोर गेलेला होता. बरं झालं कापला."

भावजय नवऱ्याकडे बघत नव्हती, नणंदेकडे बघत होती.  मग आत गेली, आणि आतून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. तिनं दूध ठेवलं होतं. त्या दिवशी ती स्वतःच त्याच्यासमोर उभी राहिली, हाडबाईला हाक मारली नाही.

"आणि सायकल?" भावानं विचारलं. "दिसली माझ्यातून?"

"दिसली."

"घंटीसकट?"

"घंटीसकट," ती म्हणाली, आणि चपला काढायला खाली वाकली. बराच वेळ तिला पट्टा सापडेना.